जमिनीवरून आढ्यापर्यंत

३ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र घरी न येता दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन वाजला की आई तो स्पीकरवर टाकतात, आणि मग माझा मुद्दा राहतो बाजूला नि माझ्या गुडघेदुखीवर चर्चा सुरू होते. म्हणून हे.

काम असं आहे. छपरं धुण्याचा आपला धंदा यापुढे काही दिवस मीच बघणार आहे. ह्यांना दुसऱ्या कामानं अडकवून ठेवलंय. गावाबाहेरच्या वसाहतीतली सगळी कौलारू घरं धुवायचं काम मी पत्करलंय. छपरांवर शेवाळाचे काळे ओघळ आलेत, जणू कुणी आढ्यावरून शाई ओतली. वसाहतीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "जमेल ना तुम्हाला एकटीला?" मी म्हटलं, "जमेल." म्हणून तर बसले, आता करून दाखवायला हवं.

आजवर हे वर चढायचे, पाठीला हातपंप, हातात ब्रश. मी खालून बादल्या द्यायचे. मला वर चढायचं नाही. हे मी पक्कं ठरवलंय, त्यात बदल नाही. मग शेवाळ मारायचं औषध वर पोचवायचं कशानं? इथला हार्डवेअरवाला गाड्या धुण्याची प्रेशरची बंदूक घ्या म्हणतो. दुकानामागच्या एका कौलावर मारून दाखवली. क्षणात कौल लालबुंद. मला भुरळच पडली. पण तुमची सगळी उमर दुकानात पंप उघडून दुरुस्त करण्यात गेली, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय पाकिटाला हात लावायचा नाही असं ठरवलं.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण पत्राचं सांगू नका.

वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं अक्षर बघून मालकांनी विचारलं, "कोणाचं रे?" म्हटलं, गिऱ्हाईकाचं. खोटं नाही बोललो.

आधी ती बंदूक. घेऊ नका. कौल लालबुंद झालं ते स्वच्छ झालं म्हणून नाही, सोललं गेलं म्हणून. भाजलेल्या मातीची वरची कातडी गेली की पुढच्या खेपेला शेवाळ दुप्पट घट्ट धरतं. शिवाय तेवढ्या जोरानं पाणी कौलांच्या खालून घरात शिरतं. आणि शिडीवर उभं राहून ती चालवलीत तर ती तुम्हालाच मागे ढकलेल. ते मला लिहितानासुद्धा नको वाटतं.

छप्पर जोरानं धुवायचं नसतंच. ब्लीचचं पातळ द्रावण, त्यात थोडा साबण म्हणजे ते उतारावर चिकटून राहतं, एवढं शेवाळाला पुरतं. पंपानं फक्त ते पोचवायचं. त्यासाठी बॅटरीवरचा छोटा पंप मिळतो. आत एक रबरी पडदा असतो, तो आत-बाहेर होतो आणि द्रावण ढकलतो. टाकी, पंप, बॅटरी सगळं जमिनीवर ठेवायचं, वर जाते ती फक्त नळी.

पण खरी गोम आहे ब्लीचमध्ये. ते शेवाळ खातं तसंच पंपही खातं. पितळ हिरवं पडतं, लोखंड गंजतं, साधे रबरी वॉशर टिकत नाहीत. म्हणून द्रावण जिथून जिथून जाईल तिथे धातू नको, आणि रबर ब्लीच सोसणारं हवं. दिसायला दोन पंप सारखेच असतात, आतून एक टिकतो, एक टिकत नाही. मला इतकं कळवा: घरं किती उंच, उतार कसा, पाण्याचा नळ कुठे, आणि दादा नसेल तेव्हा खाली कोण थांबणार?

दादाला सांगा, मोठ्या भावानं धाकट्याला पंप विचारला तर नाक कापलं जात नाही. तुम्हाला पुढे करायची गरज नव्हती. मला कळतं बरं!

भाऊजी


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

उशीर झाला. त्याचं कारण सांगताना तोंड लपवावंसं वाटतंय. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी बागेला फवारा मारायचा एक पंप घेऊन कामाला लागलेही होते. सेक्रेटरीबाई रोज विचारत होत्या, कधी सुरू करताय. पंपावर चित्र सुरेख होतं. पहिल्या घराचं अर्धं पाखं झालं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, आणि पंपाची धार एखाद्या म्हाताऱ्याच्या बोलण्यासारखी झाली, मधेच थांबायची नि मधेच सुटायची. उघडला तर आत स्प्रिंग गंजून तपकिरी, वॉशर चिकट. अगदी तुम्ही लिहिलंय तसं. पत्र एक दिवस आधी आलं असतं तर!

त्यात वाऱ्यानं तुषार शेजारच्या भिंतीवरच्या वेलीवर गेले. दुसऱ्या दिवशी पानं पांढरी. त्या घरच्या मास्तरीणबाई नुसत्या वेलीकडे बघत उभ्या राहिल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरं बैठी आहेत, पण उतार खडा. आढं, म्हणजे छपराचा माथा, बराच वर आहे. नळ प्रत्येक अंगणात आहे. खाली कोण थांबणार म्हणता, तर बघू कोणीतरी. एकटीनंही होईल. हातमोजे घालते, चष्मा लावते. डावा मोजा कुठेतरी चिरला होता ते मला कळलंच नाही, संध्याकाळी ह्यांना कुशीवर वळवताना बोटांची आग आग झाली तेव्हा लक्षात आलं. पाण्याखाली हात धरला, आता बरं आहे.

तर आता सांगा, कुठला पंप घेऊ? आणि नाक कापलं जायचं वगैरे काही नाही हो. ह्यांना तुमचं कौतुकच आहे.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पंपासाठी. दुसऱ्यांदा एका वाक्यासाठी.

धडधाकट माणसाला कुणी कुशीवर वळवत नाही.

दादाला काय झालंय? पडला ना? उत्तर येईपर्यंत मी आईसमोर नीट बसू शकणार नाही, ती चेहरा वाचते. तिला सांगू नका अशी दादाचीच ताकीद असणार, मी ओळखतो त्याला. ठीक आहे, नाही सांगत. पण मला सांगा.

ट्रान्सपोर्टनं एक खोकं पाठवलंय. त्यात पडद्याचा पंप आहे, मी स्वतः उघडून ब्लीच सोसणारे वॉशर घातलेत. नळीच्या टोकाला फवाऱ्याची बंदूक आहे, तिचा चाप सोडला की पंप आपोआप थांबतो. नळी जाड घेतली आहे, कारण बारीक नळीत धारेचा जीव जातो. दोन तोट्या आहेत. एकीतून लांब सरळ धार जाते, ती आढ्यासाठी. दुसरीतून पंख्यासारखी पसरते, ती जवळच्या वळचणीसाठी, म्हणजे छपराच्या खालच्या काठासाठी. दोन्हींचे थेंब मोठे आहेत, धुकं होत नाही, त्यामुळे वारा ते फार लांब नेणार नाही. तरी झाडं आधी पाण्यानं चिंब करायची, मधेही, नंतरही. भिजलेलं पान ब्लीच पीत नाही. मास्तरीणबाईंच्या वेलीची मुळं शाबूत असतील, तिला पाणी घालत राहा, फुटेल.

काम संपलं की साधं पाणी पंपातून सोडायचं, भरपूर. आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफ करायचं औषध मिसळायचं नाही, विषारी वाफ होते. ह्यात हयगय नको.

शिडीच्या चार पायऱ्याही चढायची वेळ येणार नाही. जमिनीवरून पोचतं. मी दुकानामागच्या भिंतीवर मारून बघितलंय.

भाऊजी


११ मार्च

भाऊजी,

हो. पडले.

नवीन वर्ष लागलं त्याच आठवड्यात. ओल्या शेवाळावर पाय सरकला, वळचणीवरून थेट दगडी पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा बाजारात होते, खाली कुणीच नव्हतं. टपालवाल्यानं बघितलं म्हणून बरं. ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणतात चालतील, पण छपरावर पुन्हा नाही. आईंना कळलं तर त्या पहिल्या गाडीनं येतील, त्यांच्या छातीला तो प्रवास झेपायचा नाही, म्हणून ह्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. दर रविवारी आईंशी फोनवर हसून बोलतात आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडतात.

भाऊजी, हाडापेक्षा मला त्या भिंतीची भीती वाटत होती. माणूस दुखतंय म्हणून ओरडला तर बरं वाटतं. हे ओरडतही नव्हते. मी कामाचं काही विचारलं की म्हणायचे, "तुझं तू बघ." पिचकाऱ्यांनी छपरं धुतली जात नाहीत, असंही एकदा म्हणाले. मी वर चढणार नाही हे मी ठरवलं ते त्यांना भिंतीकडे बघताना बघून.

मग तुमचं खोकं आलं. मी अंगणात सगळं मांडलं आणि नुसतं पाणी भरून पंप सुरू केला. धार येईना. फुर्र, थांब, फुर्र, थांब. मला रडूच फुटलं. दुसराही पंप मीच बिघडवला असं वाटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "हवा ओढतोय तो!"

मी दारात गेले. हे कोपरावर उठून बसले होते.

"ओढायची नळी टाकीत तरंगत असेल. टोकाची गाळणी तळाला टेकली पाहिजे. काहीतरी वजन बांध."

"कशाचं?"

"अगं, दगड बांध! दगड काय कमी आहेत आपल्याकडे?"

बांधला. धार सुटली ती आमच्या छपराच्या आढ्यावरून पलीकडे गेली, पलीकडच्या काकू ओरडल्या. मी मागे वळले तर हे वॉकर धरून दारात उभे! दवाखान्यातून घरी आल्यापासून दारापर्यंत आले नव्हते. घामानं डबडबलेले. मला म्हणाले, "पंप कोणाचा?" मी म्हटलं, "छोट्याचा." दारातूनच पंप न्याहाळला. मग म्हणाले, "तोटी बदलून बघ."

बास. सगळी संध्याकाळ आम्ही तोट्या बदलून बघत होतो. तुमचे उपकार कसे फेडू, हे विचारायलाही मला लाज वाटते, म्हणून विचारत नाही.

आता आईंचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ह्यांची परवानगी मी काढली आहे.

वहिनी


१७ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र गल्ल्यावरच वाचलं आणि मालकांना सांगून घरी आलो. आईला समोर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हटलं, "आई, दादाबद्दल एक सांगायचंय."

ती म्हणाली, "पडलाय ना?"

मी गारच पडलो. म्हटलं, कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला हवं कुणी? फोनवर बोलताना तो येरझाऱ्या घालतो. जन्मात कधी एका जागी बसून बोललेला नाही. गेले कितीतरी रविवार त्याचा आवाज उशीतून येतोय. मी विचारलं नाही, कारण त्याला वाटत होतं मला कळलेलं नाही. तेवढंच त्याला समाधान होतं, ते कशाला काढून घेऊ?"

तर वहिनी, इकडे आम्ही दोघं आणि तिकडे तुम्ही दोघं, चौघांनी मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली. ह्याला काय म्हणावं?

मग मात्र ती रडली, थोडी. पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "सुनेचं कसं चाललंय?" मी सगळं सांगितलं, वेलीसकट. म्हणाली, "तिला लिही, मी तिची ऋणी आहे. तो माझ्या पोटचा मुलगा असूनही मी हे करू शकले नसते, एवढं तिनं केलंय." हे मी तिच्याच शब्दांत लिहितोय.

येते म्हणत होती. वसाहतीचं काम उरकेपर्यंत थांब म्हणून अडवलंय. फार दिवस अडणार नाही.

भाऊजी


६ एप्रिल

भाऊजी,

आईंचे शब्द ह्यांना वाचून दाखवायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. शेवटी त्यांनीच पत्र घेऊन वाचलं. त्यांना माझा वाकून नमस्कार सांगा.

वसाहतीचं काम कालच झालं. आता ते कसं झालं ते ऐका.

नवा पंप नेला त्या पहिल्या दिवसापासून हे बरोबर आले. शेजारच्या रिक्षावाल्यानं सोडलं. टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि ब्लीच मोजणं, साबण घालणं, ढवळणं, झाडांवर पाणी मारणं, पंपाचं बटण, सगळं त्यांनी ताब्यात घेतलं. मी फक्त बंदूक धरायची. "वारा फिरला, थांब." "आता डावीकडे." "तिथे दाट आहे, परत एकदा." असा सगळा दिवस. भांडलोही. संसारात इतकं भांडण कधी झालं नव्हतं, कारण हे वर नि मी खाली, आवाज पोचायचाच नाही!

शेवटच्या घरापर्यंत नळी पुरेना. मी आपला शहाणपणा केला. त्या जुन्या बागेच्या पंपाची नळी पुढे जोडली, एक पट्टी आवळली. मागच्या बाजूला झाडामुळे जमिनीवरून धार पोचत नव्हती, म्हणून शिडीवर थोडीच चढले. तिथेच जोड निसटला. नळी सापासारखी उडायला लागली आणि ब्लीच माझ्या पायांवर, शिडीवर, पायऱ्या निसरड्या. मी शिडीला घट्ट मिठी मारली आणि डोळे मिटले.

आणि नळी मेली.

ह्यांनी बटण बंद केलं होतं. मी ओरडायच्याही आधी. डोळे उघडले तर हे शिडीशी. खुर्चीपासून शिडीपर्यंत वॉकरशिवाय कसे आले ते त्यांनाही सांगता येत नाही. दोन्ही हातांनी शिडी धरून म्हणाले, "उतर. सावकाश. मी आहे खाली."

मी उतरले. त्यांनी पाण्याची नळी माझ्या पायांवर धरली आणि किती वेळ धरून उभे होते. मी म्हटलं, पुरे, धुतले गेले. तरी सोडेनात. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी खाली कुणी असायला पाहिजे होतं." पडल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलले.

पायांना काही झालेलं नाही, थोडी लाली होती, गेली. राहिलेला कोपरा आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेरच्या रस्त्यावरून मारला, लांब धारेनं. सेक्रेटरीबाई सगळीकडे फिरून बघून म्हणाल्या, "आमच्या घरांचा रंग असा होता होय!" मास्तरीणबाईंच्या वेलीला खालून नवे कोंब आलेत. त्यांनी मला हात धरून नेलं आणि दाखवले.

भाऊजी, एका पंपानं एवढं होतं का? होतं. आमच्याकडे झालं. मी फक्त छपरं धुवायचं साधन मागितलं होतं. तुम्ही माझा माणूस भिंतीकडून उठवून दिलात.

हे स्वतः लिहिणार म्हणतात. विश्वास ठेवू नका, पण वाट बघा.

वहिनी


१५ एप्रिल

छोट्या,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. हिनं टेबलावर कागद ठेवला आणि खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं, म्हणून लिहितोय.

मी बरा आहे. काठीवर चालतो. पंप उत्तम आहे. रोज संध्याकाळी साधं पाणी सोडून धुतो. एकदाही अडला नाही.

लहानपणी तुला उंचीची भीती वाटायची. आपल्या माळ्यावर चढायचं म्हटलं की तू खालच्या पायरीला चिकटून बसायचास. घरात सगळे तुला हसायचे, तूही हसायचास. मी मात्र माकडासारखा कुठेही चढायचो, सगळे माझं कौतुक करायचे. बाबा म्हणायचे, हा मोठा वर जाईल. गेलोच मी वर, आणि आलोही खाली.

दवाखान्यात पडल्या पडल्या मला वाटायचं, वर चढता येत नाही तर मी कसला कामाचा. आता टाकीपाशी बसतो तेव्हा तुझा विचार येतो. तू जन्मभर जमिनीवर राहून काम कसं होईल तेच शोधत राहिलास. तू घाबरत होतास म्हणून तुला हे सुचलं. माझ्यासारखा असतास तर तूही मला चांगली शिडी पाठवली असतीस. आणि आज ही त्या शिडीवर असती.

तुझ्या त्या भीतीचे माझ्यावर उपकार आहेत. हसू नकोस, मनापासून लिहितोय. तुझे आहेत, हिचे आहेत, आईचे आहेत. आजवर हे शब्द कुणाला म्हणालो नाही. म्हणायचे कसे असतात ते पडल्यावर शिकलो.

दुसऱ्या एका वस्तीतून बोलावणं आलंय. हिनं त्यांना सांगितलं, "आम्ही दोघं येऊ." दोघं, असं म्हणाली. मी बाजूलाच होतो, त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आईला सावकाश, वाटेत थांबत घेऊन ये. समोरच्या खोलीत तिची सोय केली आहे, जिना चढायला नको. तुझीही तिथेच केली आहे.

दादा